बघे बोलले तर

सहावी-सातवीच्या वर्गात चिडवाचिडवी चालायचीच. पण एकालाच हेरून, तो उलट बोलणार नाही हे ओळखून रोज छळलं, तर ती दादागिरी. ‘तूही दोन ठेवून दे’ हा घरोघरचा सल्ला मला पटत नाही; तो बिचारा एकटा, समोर टोळकं! चित्र पालटतं ते बघ्यांमुळे. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने आखलेला ‘किवा’ हा शालेय उपक्रम याच बघ्या मुलांवर भर देतो. मुलांनो, अशा वेळी हसू नका. त्याला डबा खायला आपल्यात बोलवा. बाईंना सांगा, ती चहाडी नव्हे. मोबाइलवरचे धमकीचे मेसेज पुसू नका, मोठ्यांना दाखवा. आणि कुणीच ऐकत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.