आधी पाणी, मग परवानगी



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावे, स्थानिक कटकटींत पडू नये, असे मला सुचवण्यात आले होते. मी ते मानणार नाही. ज्या भागात आपण मांडव घातला आहे, तिथे खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असताना माणसे पाणी विकत घेतात. अशा ठिकाणी पाण्याबद्दल गप्प बसून कादंबरीच्या भवितव्यावर बोलणे मला जमणार नाही.

नांदेड, किरकटवाडी, नऱ्हे, खडकवासला ही गावे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. एकूण तेवीस गावे घेतली गेली. मिळकतकर आला, बांधकामाचे फलक आले, बावीस-बावीस मजले आले. जलशुद्धीकरण मात्र आले नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात जीबीएस (गुइलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पसरली, तेव्हा साऱ्या देशाला कळले, की नांदेड परिसराला विहिरीतले पाणी नुसते क्लोरीन टाकून दिले जात होते. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. धडधाकट माणसांच्या पायांतली ताकद गेली, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, काही दगावली. त्या काळातही नव्या इमारतींचे स्लॅब टाकले जातच होते.

परवानगी मिळते कशी, तेही ऐका. महापालिकेचे पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू, असे हमीपत्र बिल्डर लिहून देतो. त्या कागदावर इमारत उभी राहते, भोगवटा प्रमाणपत्र मिळते. पुढे सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात येते आणि हमीपत्र फायलीत जाते. मग रात्री साडेअकराला दहा हजार लिटरचा टँकर फाटकाशी येतो. वॉचमन भूमिगत टाकीचे झाकण सरकवतो, पाइप आत सोडतो, टॉर्च तोंडात धरून वहीत वेळ आणि गाडीचा नंबर लिहितो. पाणी कुठल्या विहिरीचे, हा रकाना त्या वहीत नाही. सकाळी त्याच पाण्यात बाळाचे दूध कालवले जाते. बिल मेंटेनन्समधून जाते.

याविरुद्ध बोललो, की आम्हा रहिवाशांना ठरलेले उत्तर मिळते: तुम्हाला घर मिळाले, आता मागून येणाऱ्यांना दार लावता. हा आरोप मी साफ फेटाळतो. मागून येणारा माणूस वीस वर्षांचे कर्ज काढून येतो. त्याचा नळ कोरडा असेल, तर फसवणूक त्याची होते. आमचा विरोध त्याच्या येण्याला नाही. त्याला काय विकले जात आहे, याला आहे. पुण्याला माणसे येणार, घरे लागणार, हे मलाही कळते. पण माणशी रोज १३५ लिटर हा सरकारचाच मापदंड आहे. तो कागदावर ठेवून मजल्यांमागून मजले मंजूर करणाऱ्यांना जाब विचारणे हा विकासाला विरोध कसा होतो?

आणि पाणी नसेल तिथे बांधकाम थांबवणे अशक्य आहे, असे कुणी सांगू नये. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत आणि २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर पाण्याअभावी मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना चाप लावला. दोन्हीकडे नागरिकांना कोर्टात जावे लागले. पुढे निर्बंध सैल झाले, टँकर राहिले. जे काम पहिल्या अर्जाच्या वेळी टेबलामागच्या अधिकाऱ्याने करायचे, त्यासाठी न्यायमूर्तींचा वेळ का जावा?

इथल्या लिहित्या माणसांनाही माझे सांगणे आहे. गाव सुटल्याच्या कविता मराठीत पुष्कळ झाल्या. त्या लिहा, पण अर्जही लिहा. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या होत्या, हे मुदत उलटून गेल्यावर आपल्याला कळते. सरकारी नोटीस वाचता येणारा, तिचा अर्थ शेजाऱ्याला समजावणारा आणि मुद्देसूद दोन पाने लिहून देणारा माणूस प्रत्येक सोसायटीत हवा. भाषा येते, तर ती इथे वापरा.

व्यासपीठावर लोकप्रतिनिधी बसले आहेत. त्यांना रागवायचे असेल तर रागवावे. माझी मागणी एकच आहे: जलवाहिनीतून शुद्ध पाणी प्रत्यक्ष येत असल्याचा दाखला नसेल, तर कोणत्याही नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. हमीपत्र चालणार नाही.

या मागणीचे निवेदन प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. जेवायला जाण्यापूर्वी ते वाचा, पटले तर सही करा, आणि सोमवारी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ते द्यायला माझ्याबरोबर या.