मातृदुग्धपेढी : अकाली जन्मलेल्या अर्भकांचा आधार



रक्तपेढी हा शब्द आता खेडोपाडी परिचयाचा झाला आहे. रक्तदान केल्याने शक्ती जाते, ही समजूत बव्हंशी मागे पडली आहे. मातृदुग्धपेढीची मात्र अद्याप तेवढी ओळख झालेली नाही. वास्तविक, या पेढीची गरज ज्यांना असते ते रुग्ण सर्वांत लहान आणि सर्वांत असहाय असतात.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल अकाली जन्मलेले समजले जाते. जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर ते अल्पवजनी ठरते. अशांपैकी फार लहान मुलांना चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ घालता येत नाही. त्यांना नळीने थेंबथेंब दूध द्यावे लागते. त्यांची आतडी कोवळी असतात. भुकटीच्या दुधावर वाढणाऱ्या अशा अर्भकांमध्ये आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा गंभीर आजार अधिक प्रमाणात आढळतो. मानवी दुधाने हा धोका कमी होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने क्रम सांगितला आहे : प्रथम जन्मदात्या आईचे दूध आणि ते मिळत नसल्यास, सुरक्षित सोय असेल तेथे, दुसऱ्या मातेने दान केलेले दूध.

आईचे दूध न मिळण्याची कारणे अनेक असतात. कधी ती स्वतः अत्यवस्थ असते, कधी ती एका रुग्णालयात आणि मूल दुसऱ्यात असते, तर कधी ती हयात नसते. अशा दिवसांत दुग्धपेढी अर्भकाला आधार देते.

जगातील पहिली मातृदुग्धपेढी १९०९ साली व्हिएन्ना येथे सुरू झाली. आशिया खंडातील पहिली पेढी उघडण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात नवजात अर्भकतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९८९ मध्ये ती सुरू झाली. हे रुग्णालय धारावीसारख्या दाट वस्तीच्या निकट आहे. तेथे येणाऱ्या सामान्य, कष्टकरी घरांतील मातांच्या दानावर ही पेढी उभी राहिली, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. ब्राझील देशाने याच कार्याचे दोनशेहून अधिक पेढ्यांचे जाळे विणले असून, तेथील राजधानीत अग्निशामक दलाचे जवान घरोघरी जाऊन दुधाच्या बरण्या गोळा करतात.

पेढीचे कार्य कसे चालते? दान पूर्णतः स्वेच्छेचे असते. स्वतःच्या बाळाची गरज भागवून ज्या मातेस दूध उरते, तिचेच दूध स्वीकारले जाते. तिची लेखी संमती घेतली जाते. एच.आय.व्ही., कावीळ ब आणि उपदंश यांसाठी तिचे रक्त तपासतात. जमा झालेले दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानात ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात आणि त्वरित थंड करतात. नमुन्यात जंतू नसल्याची खात्री झाल्यावरच ते वापरासाठी मोकळे केले जाते. तोवर ते उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. या प्रक्रियेत दुधातील काही संरक्षक घटक उणावतात. त्यामुळे दान केलेले दूध हे आईच्या दुधाची बरोबरी करीत नाही. आईचे दूध येईपर्यंतची ती सोय होय.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच या पेढ्यांना सर्वंकष स्तनपान व्यवस्थापन केंद्र असे व्यापक स्वरूप दिले आहे. दूध साठविण्याइतकेच आईला दूध यावे यासाठी साहाय्य करणे, हे त्यांचे काम आहे. मानवी दुधाच्या विक्रीला मात्र थारा नाही. २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याच्या प्रक्रियेला व विक्रीला परवाने देऊ नयेत, असे स्पष्ट बजावले आहे.

काही शंकांचे निरसन करणे अगत्याचे आहे. दूध दिल्यास स्वतःच्या बाळाला कमी पडेल, अशी भीती घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. परंतु स्तन जितके रिते होतात तितके दूध अधिक तयार होते. आईविना मुलाला शेजारणीने पाजण्याची पद्धत मायेची असली, तरी रक्ताद्वारे पसरणाऱ्या काही रोगांचा संसर्ग दुधातूनही होऊ शकतो. म्हणून तपासणीविना दिलेले दूध सुरक्षित मानता येत नाही. काही समाजांत दुधाचे नाते विवाहसंबंधाच्या आड येते. अशा पालकांना पूर्ण माहिती देऊन त्यांच्या निर्णयाचा मान राखला पाहिजे.

आता गावाचे कर्तव्य. मूल जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात ठेवले जाते आणि बाळंतिणीला विश्रांतीसाठी घरी नेले जाते, असे वारंवार घडते. हेतू चांगला असतो, परिणाम घातक होतो. मूल चोखत नसताना दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढावे लागते. ते न काढल्यास थोड्याच दिवसांत आटू लागते, आणि बरे होऊन घरी येणाऱ्या मुलाच्या वाट्याला बाटली येते. म्हणून आईने रुग्णालयात मुलाजवळ राहावे, यासाठी सरपंच, सदस्य आणि आशा सेविका यांनी त्या घरची समजूत घालावी. मागे राहिलेल्या मुलांची व जनावरांची व्यवस्था शेजाऱ्यांनी पाहावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात अर्भकाचे उपचार आणि प्रवास विनामूल्य आहेत, याची माहिती प्रत्येक घरी पोहोचवावी. पहिले चिकाचे दूध टाकून देणे व मध चाटविणे या रूढींविषयी शिक्षकांनी पालकसभेत बोलावे.

तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. आजच्या आईवर कडा उतरण्याची पाळी येऊ नये, तिची जागा बाळाच्या उशाशी राखून ठेवावी आणि ती नसेल तेथे दुसऱ्या मातेचे निर्धोक दूध पोहोचावे, एवढी व्यवस्था करणे आपणा सर्वांच्या हाती आहे.