खासगी रान लोकांचे कसे होईल?

(चुडावा, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



१९४९ साली हैदराबाद राज्यातील जहागिऱ्या रद्द झाल्या. ३० ऑगस्ट १९७५ रोजी, काही अपवाद वगळता, महाराष्ट्रातील खासगी वने कायद्याने शासनाच्या मालकीची झाली. ही दोन्ही पावले आवश्यक होती. परंतु कागदावरचा मालक बदलला म्हणजे रान लोकांचे झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

रान लोकांचे होण्याचे दोन मार्ग दिसतात. कोल्हापूर संस्थानाने शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे जंगल १९५८ साली अभयारण्य झाले. म्हणजे उभे रान राखले गेले. इंग्लंडमधील वेस्टनबर्ट येथे होलफर्ड या श्रीमंत घराण्याने १८२९ पासून आपल्या इस्टेटीत देशोदेशीचे वृक्ष लावले. १९५६ साली तो वृक्षसंग्रह सरकारी वनखात्याकडे आला आणि धनिकाच्या हौसेची जागा सर्वांची वृक्षशाळा बनली.

आपल्या काळ्या मातीच्या मुलखात राखावे असे रानच फारसे उरलेले नाही. येथे वृक्षसंग्रह नव्यानेच उभारावा लागेल, आणि तो देशी झाडांचा असावा. सुबाभूळ मेक्सिकोकडची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची; परकी म्हणून ती वैरी ठरत नाहीत. पण बाभळीचे लाकूड औताला, धावड्याचे कुऱ्हाडीच्या दांड्याला, पळसाचे पान पत्रावळीला आणि हिवराची शेंग शेळीला, हे ज्ञान सुतारांनी, गुराख्यांनी आणि मजूर स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. झाड तुटले की त्याचे नावही विसरले जाते, आणि ज्याचे नाव विसरले त्याच्यासाठी कोणी भांडत नाही.

मात्र जागेचा प्रश्न निघाला की सर्वांची नजर गायरानाकडे वळते. तेथे आपण सावध राहिले पाहिजे. मराठवाड्यात अनेक भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे, गायरान कसून जगतात. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली देशव्यापी सत्याग्रह उभारला होता. अशा माणसांना उठवून लावलेले वन देशी झाडांचे असले तरी ती नवी जहागिरीच ठरेल. जागा मागायची ती ज्यांच्यापाशी पडीक जमीन मुबलक आहे त्यांच्याकडे, अथवा शासकीय संस्थांच्या आवारात.

बी गावाने गोळा करावे, झाडांची नावे गावातल्या जाणत्यांनी सांगावीत आणि कारभाराचा हिशेब ग्रामसभेपुढे यावा. एवढे झाले तरच त्या रानाला लोकांचे रान म्हणता येईल.