पेन्शन अडते ती स्पेलिंगवर

(भिंगार येथे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर. फौज म्हणजे काय हे भिंगारकरांना मी सांगायला नको. आर्मर्ड कोअरचं सेंटर इथे १९४८ पासून आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटरही इथेच. बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते, ती म्हणजे या दोन्हींची रेकॉर्ड ऑफिसं नगरला आहेत. रणगाड्यावरचा जवान बिहारचा असो की केरळचा, त्याच्या बायकोच्या नावाची नोंद शेवटी आपल्या गावातल्या फायलीत असते.

त्या नोंदीबद्दलच आज बोलायचं आहे.

साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. लढाईत मृत्यू आला तर लिबरलाइज्ड मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. पण दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच: अर्ज करणारी बाई आणि कागदावरची बाई एकच आहे का?

पूर्वी पेन्शन बँकेतून यायची. गावच्या शाखेतला क्लार्क खालाला ओळखायचा, काकूंना ओळखायचा. आता 'स्पर्श' नावाची प्रणाली आहे, कारभार प्रयागराजहून चालतो. पैसे थेट खात्यात येतात, हिशेब घरबसल्या दिसतो. मला हे आवडतं, माझा धंदाच तो आहे. पण कॉम्प्युटर माणूस ओळखत नाही, अक्षरं जुळवतो. आपलं 'शेख' इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. भरतीच्या वेळी कुणीतरी नुसतं 'एसके' लिहून मोकळा झाला. बायको रेकॉर्डवर 'फातिमा बी', आधारवर 'फातिमा बेगम', बँकेत 'फातिमा शेख'. मशीनच्या लेखी या तीन बायका झाल्या!

हे फक्त आपल्याच मोहल्ल्यात होतं असं समजू नका. मराठा, माळी, धनगर घरांत लग्नात मुलीचं नावच बदलायची रीत होती. शाळेच्या दाखल्यावर माहेरची लक्ष्मी, डिस्चार्ज बुकात सासरची सुनीता. तिचीही गाडी तिथेच अडते.

आणि हे कळतं कधी? नवरा गेल्यावर. घरात पाहुणे, हातात मृत्यूचा दाखला, आणि समोरचा सांगतो, 'नाव जुळत नाही.' मग प्रतिज्ञापत्र, वकील, फेऱ्या. एजंट तर वाटच बघत असतात. ज्यांनी प्रणाली बनवली त्यांनी अशा नावांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस बसवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो बसेपर्यंत काम आपलं. सैनिक हयात असताना तो स्वतः रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करू शकतो. लग्न, मुलांचे जन्म यांची नोंद पार्ट टू ऑर्डरने झाली आहे का, तेही तेव्हाच विचारा. कोणता कागद दुरुस्त करायचा हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. मुलगी इंजिनियरिंगला किंवा नर्सिंगला असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचंही विचारा. मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये असतात. तिथेही नाव जुळावंच लागतं.

अग्निवीरांच्या आईवडिलांना एक वेगळं सांगतो. चार वर्षांच्या त्या नोकरीत पेन्शन नाही. ४८ लाखांचा विमा आहे, आणि तो नॉमिनीला मिळतो. पोरगा सुट्टीवर आला की मटणाच्या आधी विचारा, नॉमिनी कोण आणि नाव कसं लिहिलंस?

डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि नवराबायको दोघांचं आधार कार्ड सोबत आणलं असेल तर मागच्या टेबलावर या, एकेक करून तपासू. चष्मा असू द्या. आधारवरचं इंग्रजी फार बारीक असतं.