रुग्णाची साक्षरता आणि दवाखान्याची

(असोदा येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



असोद्यात साक्षरतेविषयी बोलायला उभे राहताना मनाला थोडा संकोच वाटतो. १८८० साली याच गावात, महाजनांच्या घरी, बहिणाबाईंचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आज उत्तर महाराष्ट्राचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. पण त्यांच्या हाती दवाखान्याची चिठ्ठी देऊन 'वाचून दाखवा' असे कोणी म्हटले असते, तर त्यांच्या नावापुढे शून्य गुण पडले असते. ते शून्य नेमके कोणाच्या खात्यावर मांडायचे, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

'आरोग्यसाक्षरता' हा शब्द अलीकडे अहवालांतून वारंवार भेटतो. आरोग्यविषयीची माहिती मिळवणे, ती समजणे आणि तिच्या आधारे आपल्या प्रकृतीचा निर्णय घेता येणे, एवढाच त्याचा अर्थ. मी वैद्यकाचा नव्हे, अर्थशास्त्राचा शिक्षक. पण आमच्या शास्त्राचाही या प्रश्नाशी जुना संबंध आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही बाजारातल्या इतर मालासारखी नसते. कारण विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते. भाजी घेताना आपण ती निवडून घेतो. औषध घेताना निवड दुसराच करतो. ज्ञानाची ही विषमता संपत्तीच्या विषमतेइतकीच खरी आहे, आणि ती गरिबाला अधिक जाचते.

एक अनुभव सांगतो. आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका मावशींना मधुमेह आहे. सरकारी रुग्णालयात त्यांना सांगण्यात आले, 'उद्या सकाळी उपाशी या, रक्त तपासायचे आहे.' मावशी आयुष्यभर एकादश्या करत आलेल्या. त्यांनी रात्री भगर खाल्ली, पहाटे दोन केळी खाल्ली, गोड चहा घेतला आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रक्तातली साखर अर्थातच चढलेली निघाली. कागदावरचा आकडा पाहून गोळीचे प्रमाण वाढवण्यात आले. चौथ्या दिवशी शेतात काम करताना त्यांना दरदरून घाम फुटला आणि भोवळ येऊन त्या बांधावर पडल्या. शेजारणीने वेळेवर साखर चारली म्हणून निभावले. मी चौकशी केली तेव्हा मावशी दुखावल्या स्वरात म्हणाल्या, 'उपास त मी मोडलाच नही, सर.'

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जो शब्द त्यांच्या कानी पडला, त्याचा त्यांच्या जगात जो अर्थ आहे तो त्यांनी काटेकोरपणे पाळला. 'पाण्याखेरीज काही घेऊ नका. केळे नाही, चहाही नाही,' हे एक वाक्य त्यांना कोणी सांगितले नव्हते. ज्या जिल्ह्याची ओळखच केळी आहे, तिथल्या दवाखान्याला उपासाला केळे चालते हे ठाऊक नसावे, याला कोणाचे अज्ञान म्हणायचे?

हा प्रश्न आपल्याच देशातला आहे असे समजू नका. १९९५ साली अमेरिकेत दोन सार्वजनिक रुग्णालयांतील २,६५९ रुग्णांची अशी परीक्षा घेण्यात आली. त्यांपैकी ४१.६ टक्के रुग्णांना 'औषध रिकाम्या पोटी घ्या' ही सूचना समजली नाही. २६ टक्क्यांना पुढच्या खेपेला केव्हा यायचे हे उमगले नाही. संमतिपत्रावर सही घेतात, त्याचा अर्थ ५९.५ टक्क्यांना लागला नाही. म्हणजे रिकाम्या पोटाचा हा घोटाळा अतिश्रीमंत देशातही, तिथल्या गरिबांच्या रुग्णालयात, घडतच होता.

मोजणे हे वाईट नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवला जात नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. पण माप कोणत्या मातीत घडले ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतील एका प्रसिद्ध चाचणीत रुग्णाला वैद्यकातले ६६ शब्द मोठ्याने वाचायला लावतात. इंग्रजीत ते योग्य ठरते, कारण त्या भाषेत शब्द ओळखीचा नसेल तर उच्चारही बहुधा चुकतो. आपल्या देवनागरीत अक्षरओळख असलेला चौथीतला मुलगा 'मूत्रपिंडविकार' हा शब्द न अडखळता वाचेल. अर्थ विचारला तर गप्प राहील. दुसऱ्या एका चाचणीत आइस्क्रीमच्या डब्यावरील तक्ता वाचून सहा प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. ज्वारीची भाकरी आणि उडदाची आमटी खाणाऱ्या मजूर स्त्रीची अक्कल आइस्क्रीमच्या डब्यावरून जोखायची, ही कल्पनाच बोलकी आहे.

युरोपात यावर तोड म्हणून ४७ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. 'डॉक्टरांचे बोलणे समजणे तुम्हाला सोपे जाते की अवघड?' अशा धर्तीचे प्रश्न तिच्यात आहेत. परंतु इथे दुसरा सापळा आहे. अमर्त्य सेन यांनी दाखवले होते की केरळमध्ये आयुर्मान अधिक असूनही लोक आजारपणाची तक्रार अधिक करतात. बिहारमध्ये आयुर्मान कमी, तरी तक्रारही कमी. ज्याला आजाराची जाण अधिक, तोच आजार बोलून दाखवतो. आमच्या मावशींना 'समजले का?' असे विचारले असते तर त्यांनी मान डोलावून 'हो' म्हटले असते. मोठ्या माणसासमोर 'समजले नाही' म्हणण्याची आपल्या गरिबांना सवयच राहिलेली नाही. ती मान डोलावणे म्हणजे साक्षरता नव्हे. ती शतकांची ताबेदारी आहे.

या मापनातून निघणाऱ्या निष्कर्षाचे राजकारणही ओळखले पाहिजे. 'रुग्ण अडाणी आहेत, म्हणून उपचार फसतात,' असे एकदा आकड्यांनी सिद्ध झाले की शासनाला फारसे काही करावे लागत नाही. चार भित्तिपत्रके छापली की कर्तव्य संपले. रिक्त जागा भरण्याचा, औषधांच्या तुटवड्याचा, एका डॉक्टरपुढे लागणाऱ्या लांबलचक रांगेचा प्रश्न मागे पडतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते; ते पाळले गेले नाही. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. चिठ्ठीवरचे औषध बाहेरून विकत आणावे लागते, तेव्हा किंमत वाचता आली म्हणून ती परवडत नाही.

आणि त्या चिठ्ठीचे काय? २०१६ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला. नियम चांगला आहे. पण ती मोठी अक्षरे इंग्रजीच राहिली. औषधविक्रेत्याची सोय झाली, रुग्ण होता तिथेच राहिला. आपल्या जिल्ह्यात कोणी लेवा बोली बोलतो, कोणी अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी कोणी पावरी. या माणसांच्या हाती '१-०-१' असा आकडा पडतो आणि त्यांनी तो दुपारची गोळी टाळून पाळावा अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्राने यापेक्षा वेगळी वाटही दाखवली आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रिया गावाचे आरोग्य सांभाळू लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता: बाळाला न्यूमोनिया झाला आहे का हे मिनिटातील श्वास मोजून कळते, पण गावच्या सुईणींना साठपर्यंत सलग मोजता येत नव्हते. त्यांनी सुईणींना नापास केले नाही. वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधे उपकरण केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले त्यावरून निदान. बाई तीच राहिली. साधन बदलले आणि तिच्या हाती वैद्यकाचे एक शास्त्रशुद्ध निदान आले.

तिसरे उदाहरण खानदेशातलेच आहे. २००७ पासून महाराष्ट्रातील ज्या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला, त्यांत नंदुरबार होता. गावकरी आरोग्यकेंद्राचे प्रगतिपुस्तक भरू लागले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारू लागले. परीक्षा घेणारा आणि देणारा यांच्या जागांची तिथे अदलाबदल झाली. मला त्यातच मापनाची योग्य दिशा दिसते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. आठवड्यातून एक दिवस जवळच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसा. बाहेर पडणाऱ्या प्रौढ रुग्णाला, त्याची परवानगी घेऊन आणि नाव न लिहिता, चार गोष्टी त्याच्याच शब्दांत सांगायला सांगा. मला काय झाले आहे? कोणते औषध केव्हा आणि किती दिवस घ्यायचे? पुन्हा केव्हा यायचे, आणि कोणते लक्षण दिसले तर त्याआधीच धाव घ्यायची? इथे मला काय काय मोफत मिळाले पाहिजे? या शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत करण्यात आले. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो निर्णय झालाच नाही.

समजा, शंभरांपैकी साठांना ही उत्तरे सांगता आली नाहीत. तर साठ माणसे निरक्षर आहेत असे लिहू नका. या दवाखान्याला शंभरपैकी चाळीस गुण मिळाले असे लिहा. मग ते गुणपत्रक घेऊन डॉक्टर आणि परिचारिका यांच्याकडे जा, पण आरोपी म्हणून त्यांना उभे करू नका. एका सकाळी शेकडो माणसे तपासणाऱ्याला समजावून सांगायला वेळ कुठून मिळणार? तो वेळ म्हणजे मनुष्यबळ आणि मनुष्यबळ म्हणजे अंदाजपत्रक. त्या मागणीत ते आपले साथी होऊ शकतात.

माझ्या बोलण्याचा कोणी असा अर्थ काढू नये की अक्षरज्ञानाची गरज नाही. निरक्षरतेचे कौतुक करणे हा साक्षरांचा ऐषआराम आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, स्त्रियांची सुमारे ७६. ज्या घरात महात्मा फुल्यांची विद्या अजून पोहोचली नाही, तिथे ती पोहोचवणे हे आपले काम आहेच. पण आजच्या आजाराला उद्याच्या शाळेपर्यंत थांबता येत नाही.

बहिणाबाईंच्याच उदाहरणाने संपवतो. त्यांची गाणी टिकली ती सोपानदेवांसारख्या घरच्या लिहित्या माणसांनी ती उतरवून घेतली म्हणून. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. सोपानदेवांनी आईला आधी प्रमाण मराठी शिकायला लावले नाही. ती जशी बोलली तसे त्यांनी लिहिले. लिहिणाऱ्याने बोलणाऱ्यापर्यंत जायचे असते. आपल्या सरकारी दवाखान्याने एवढी साक्षरता शिकावी यासाठी आपण झटू या.