खेळाच्या पटामागे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानातील भाषण)



संगणकावर खेळणारे मूल पाहून पालकांस कधी कौतुक वाटते, कधी काळजी. परंतु खेळणे आणि खेळ समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्राथमिक शाळेतील मुलास खेळ उलगडून दाखविला, तर तो खेळच त्याचा शिक्षक होतो.

सापशिडीचे उदाहरण घ्यावे. जैन परंपरेत ज्ञानबाजीचे ८४ घरांचे पट रंगविले जात; त्यांत शिडीने उन्नती आणि सर्पाने अधोगती दाखविलेली असे. आजच्या १०० घरांच्या पटाचे मुलांनी प्रथम कागदावर भाग पाडावेत. सोंगटीचे घर, ही लक्षात ठेवायची संख्या. फासा म्हणजे १ ते ६ पैकी कोणताही अंक. साप आणि शिडी म्हणजे ‘जर-तर’च्या अटी. आणि १०० येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करणे, ही आवृत्ती. संगणकाच्या खेळांची आज्ञावलीही मुख्यतः अशाच घटकांतून उभी राहते.

अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक व सहकाऱ्यांनी घडविलेली ‘स्क्रॅच’ ही प्रणाली २००७ साली सर्वांस खुली झाली. तीत आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपात जोडता येतात आणि इतरांनी तेथे मांडलेला खेळही आतून उघडून पाहता येतो.

मुलाने सापशिडी रचली. पण ९७ वर ५ पडले आणि सोंगटी १०२ वर गेली. १०० कधी आलेच नाही, म्हणून खेळ थांबेना. मूल म्हणते, “संगणक बिघडला!” शिक्षकाने उत्तर सांगू नये, “तू त्याला काय सांगितले होतेस?” एवढेच विचारावे. मूल आपलीच आज्ञा पुन्हा वाचते आणि राहिलेली अट त्याला सापडते. दोष इतरांवर न ढकलता स्वतःच्या कृतीकडे मागे वळून पाहणे, हा प्रतिक्रमणाचा संस्कार आहे.

आज अनेक खेळ मुलाने उठूच नये अशा बेताने रचले जातात. ज्याने स्वतः फासा घडविला, त्याला कळते की पडद्यावरचे बक्षीसही कुणा माणसाने लिहिलेली आज्ञाच आहे. हे कळणे हीच संयमाची पहिली पायरी होय.

यासाठी आरंभी संगणकही नको. पाठशाळेत एक पट, एक फासा आणि कोरा कागद पुरे. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा आरंभ व्हावा, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!