किती वाजता आलो, ते लिहून घ्या

(साकीनाक्याला कामावर असलेल्या आपल्या पोरांच्या गटाने होळीला गावी आल्यावर बैठकीत केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरचे लोक त्या दिवशी येऊ शकले नाहीत, तिथे कुणीतरी हे मोठ्याने वाचून दाखवावं.)



बैठकीत नेहमी जमिनीचं बोलणं होतं. दावे कुठे अडकले, मोजणी कधी, फॉरेस्टवाला काय बोलला. आज आम्ही दवाखान्याचं बोलणार आहोत. शेवटी ते जमिनीलाच येऊन लागतं, म्हणून थोडा धीर धरून ऐका.

आम्ही सात जण साकीनाक्याला एका खोलीत राहतो. दिवाळी झाली की जातो, होळीला येतो. कुणी बिल्डिंगच्या कामावर, कुणी खैरानी रोडच्या गाळ्यात. वर मेट्रो धावते आणि खाली रस्त्यावर रिक्षा मुंगीसारखी सरकते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर संध्याकाळी माणूस चालत लवकर पोचतो. अशा ठिकाणी कुणाला लागलं तर काय होतं, ते आम्ही गेल्या थंडीत बघितलं.

आमच्यातला एक, 22 वर्षांचा, संध्याकाळी सहाला परांचीवरून खाली पडला. गुडघ्याखाली पाय मोडला. मुकादमाने पाचशेची नोट दिली, रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "दवाखान्यात सांगा, घरी पडला." मग त्याने फोन उचललाच नाही.

पहिल्यांदा जवळच्या खाजगी नर्सिंग होमला नेलं. काउंटरवर वीस हजार डिपॉझिट मागितलं. पैसे नाहीत म्हटल्यावर पेशंटला कुणी हातसुद्धा लावला नाही. दुसरा दवाखाना सरकारी. डॉक्टरांनी दारातच बघितलं आणि सांगितलं, "हाडाचे डॉक्टर आज नाहीत, मोठ्या दवाखान्यात न्या." केसपेपर काढलाच नाही. तिसऱ्या ठिकाणी साडेआठला पोचलो. तिथे कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक्स-रे झाला, मग थांबा म्हणाले. दहा वाजले, अकरा वाजले. पाय थंड पडत चालला होता, आम्ही तो हातात धरून बसलो होतो. आमच्यातल्या एकाने रागाने काचेवर हात मारला, सिक्युरिटीवाले आले, त्यात अर्धा तास गेला. एकच्या पुढे सांगितलं, "बेड नाय, दुसरीकडे बघा." केसपेपर तिथेच राहिला. चौथ्या ठिकाणी रात्री दोनला त्याला आत घेतलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. मोडलेल्या हाडाने रक्ताची नळी दबली होती. अशा वेळी साधारण सहा तासांत रक्त परत सुरू करावं लागतं, नाहीतर पाय मरतो. आम्ही बोटावर मोजलं. सहा ते दोन, आठ तास. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यावरून कापला.

त्या दवाखान्यांची नावं आम्ही घेत नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात तो दवाखाना वाईट, दुसरीकडे जाऊ. आमचं म्हणणं त्यापेक्षा मोठं आहे.

महिनाभराने आम्ही पहिल्या तिन्ही ठिकाणी विचारायला गेलो. पहिले म्हणाले, असा पेशंट आलाच नव्हता. दुसरे म्हणाले, नोंद नाही. तिसरे म्हणाले, रजिस्टर बघावं लागेल, नंतर या. ठेकेदार तर म्हणाला, हा माझा माणूसच नव्हे. कागदावर त्याचा अपघात रात्री दोन वाजता सुरू होतो. आधीचे आठ तास कुठेच नाहीत.

दादांनो, हे ऐकल्यासारखं वाटतं की नाही? फॉरेस्टवाले आपल्याला काय म्हणत होते? तुम्ही इथे कसतच नव्हता, पुरावा दाखवा. आजोबाने माळ फोडला, बापाने नाचणी-वरई पिकवली, पण कागदावर काहीच नाही. मग 2006 चा वनहक्क कायदा आला आणि आपण पुरावा शोधायला लागलो. पुरावा काय निघाला? दंडाच्या पावत्या. ज्या पावत्या आपल्याला चोर ठरवून फाडल्या, त्यांनीच सिद्ध केलं की आपण त्या साली त्या जागेवर होतो. तेव्हापासून संघटना सांगते की दावा दिला तर पोच घ्या, नामंजूर केला तर कारण लेखी मागा, तोंडी 'नंतर या' ऐकून घरी येऊ नका. चार दवाखान्यांत फिरताना आम्हाला हे एकदाही आठवलं नाही. तिथे आम्ही फक्त हात जोडले आणि नंतर ओरडलो.

आता एक खरी गोष्ट सांगतो, ती कोर्टाच्या निकालात आहे. पश्चिम बंगालमध्ये आपल्यासारखीच शेतमजुरांची संघटना आहे, पश्चिम बंग खेत मजदूर समिती. 8 जुलै 1992 ला तिचा एक सभासद मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. त्याला आधी आरोग्य केंद्रात नेलं, मग रात्रभर आणि सकाळभर कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांत. कुठे बेड नाही, कुठे त्या उपचाराची सोय नाही. शेवटी खाजगी दवाखान्यात ठेवावं लागलं आणि सुमारे 17 हजार रुपये खर्च झाला. समिती गप्प बसली नाही, सुप्रीम कोर्टात गेली. 6 मे 1996 ला निकाल लागला. कोर्ट म्हणालं की तातडीच्या वेळी सरकारी दवाखान्याने उपचार न देणं म्हणजे घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

पण आमचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. चौकशी समितीने त्या दवाखान्याचे कागद तपासले. त्यात दिसलं की त्याच दिवशी सकाळी मंजूर बेडपेक्षा जास्त पेशंट ट्रॉलीवर ठेवलेले होते. म्हणजे याला पण ठेवता आलं असतं, निदान तात्पुरतं जमिनीवर. हे कशावरून कळलं? नोंदींवरून. म्हणून समितीने सुचवलं आणि कोर्टाने मान्य केलं की कॅज्युअल्टीत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता, आजार, यायची तारीख आणि वेळ, कुणी तपासलं, दाखल केलं की कुठे पाठवलं, हे सगळं रजिस्टरमध्ये स्पष्ट लिहावं. बाकीच्या राज्यांनीही तशी पावलं उचलावीत, असं कोर्टाने सांगितलं. त्यात आपला महाराष्ट्रही आला.

आता दुसऱ्या बाजूचं पण बोलू, कारण ते पण खरं आहे. चौथ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आदल्या दिवसापासून ड्युटीवर होत्या. एका ट्रॉलीवर दोन पेशंट बघितले आम्ही. 2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात 93 लाखांवर लोक होते आणि शहर जिल्ह्यात 31 लाखांच्या आत. पण पालिकेचे जुने मोठे कॉलेजवाले दवाखाने, केईएम, नायर, सायन, हे शहराच्या बाजूला. उपनगरात कूपरला मेडिकल कॉलेज जोडलं ते 2015 साली. माणसं एकीकडे आणि मोठी सोय दुसरीकडे, मग पेशंट रस्त्यावरच फिरणार.

साकीनाक्याच्या आसपास तर गाळ्यांत आणि साइटवर लाखो हात राबतात. 18 डिसेंबर 2017 ला पहाटे खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला आग लागली, 12 कामगार गेले. जवळजवळ एका वर्षाने, 17 डिसेंबर 2018 ला, मरोळ एमआयडीसीतल्या कामगार विम्याच्या रुग्णालयालाच आग लागली. माणसं मेली आणि दवाखाना बंद पडला. पगारातून विम्याचे पैसे कापून घेतलेल्या कामगारांचा हा दवाखाना, तो पुढे कित्येक वर्षं पूर्ण सुरू झाला नाही. हा दोष रात्रपाळीच्या डॉक्टरचा नाही. त्यांच्यावर हात उचलला तर 2010 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आपला प्रश्न तिथेच बुडतो. काचेवर हात मारून आम्ही आमच्याच माणसाचा अर्धा तास घालवला, हे आम्ही विसरणार नाही.

आणखी एक समजून घ्या. कॅज्युअल्टीत आधी आला त्याला आधी बघत नाहीत. ज्याचा जीव जास्त धोक्यात त्याला आधी. म्हणून मागून आलेला पुढे गेला तर लगेच भांडू नका. पण आपल्या पेशंटचं काही बदललं, म्हणजे पाय थंड पडला, श्वास लागला, गप्प झाला, तर लगेच जाऊन सांगा. आम्ही पाय थंड पडतोय हे एकमेकांना सांगत बसलो, सिस्टरला सांगितलं नाही.

आता काय करायचं ते सांगतो. मुंबईतच नाही, आपल्या इथे पण. इथे आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जव्हारला, जव्हारहून नाशिक नाहीतर सिल्व्हासाला पाठवतात. रस्ता नसेल तिथे आधी झोळी. आपल्याला तर साकीनाक्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पहिलं, 108 ला फोन करा. ही गाडी 2014 पासून राज्यभर आहे, तिचे पैसे लागत नाहीत, आत डॉक्टर असतो. फोन किती वाजता केला आणि गाडी किती वाजता आली, लिहून ठेवा.

दुसरं, पेशंटबरोबर निदान दोघे जा. एकाने पेशंटजवळ राहायचं, दुसऱ्याने केसपेपरच्या खिडकीवर. केसपेपरवर तारखेबरोबर वेळ आहे का बघा. नसेल तर नम्रपणे सांगा, "किती वाजता आलो, ते लिहून घ्या."

तिसरं, कसं लागलं ते खरं सांगा. कामावर पडला तर कामावर पडला असंच लिहायला लावा. मुकादमाच्या सांगण्यावरून 'घरी पडला' लिहिलं की कायद्याने मिळणारी भरपाई मागताना तोच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो.

चौथं, "पोलीस केस आहे, आधी पोलीस आणा" म्हणाले तर सांगा, उपचार आधी. अपघातातल्या एकाला दवाखान्याने पोलीस केस म्हणून वीस किलोमीटर लांब पाठवलं आणि तो वाटेत मेला. त्यावरून 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा निकालात सांगितलं की जीव वाचवणं प्रत्येक डॉक्टरचं पहिलं काम आहे, दवाखाना सरकारी असो की खाजगी.

पाचवं, दुसरीकडे पाठवत असतील तर चिठ्ठी मागा. काय तपासलं, काय दिलं, का पाठवताय, कुठे पाठवताय. तिथे फोन केला का ते विचारा, आणि गाडी मागा. चिठ्ठीशिवाय दारातून बाहेर पडू नका. देत नसतील तर भांडण वाढवून पेशंटचा वेळ घालवू नका, आपल्या वहीत वेळ, ठिकाण आणि कोण काय बोललं ते लिहा आणि पुढे निघा.

सहावं, खाजगी दवाखान्यांतले पुष्कळ ट्रस्टचे, म्हणजे धर्मादाय असतात. हायकोर्टाच्या योजनेप्रमाणे त्यांना 10 टक्के खाटा अगदी गरिबांना फुकट आणि 10 टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या वेळी गरिबाला डिपॉझिट न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यावे लागतात. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा दाखला यांची झेरॉक्स मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाने खिशात ठेवावी.

सातवं, नंतर कागद मागता येतात. पेशंटने किंवा घरच्यांनी लेखी मागितले तर डॉक्टरने 72 तासांत द्यायला पाहिजेत, असा त्यांच्याच परिषदेचा नियम आहे. सरकारी दवाखान्याला माहितीचा अधिकार लावता येतो. आम्ही आता तिसऱ्या दवाखान्याच्या रजिस्टरसाठी तसा अर्ज टाकलाय. त्याची पोच आमच्याकडे आहे.

काही जण विचारतील, कागदाने पाय परत येतो का? नाही येत. पण चार पाड्यांच्या, चाळीस वस्त्यांच्या वह्या एकत्र आल्या तर कोणत्या दवाखान्यात रात्री हाडाचा डॉक्टर नसतो, कोणत्या आरोग्य केंद्रावर गाडी येत नाही, हे आपण दाखवू शकतो. मग आपलं निवेदन रडगाणं राहणार नाही. बंगालच्या मजुरांनी एका माणसाच्या कागदांवर पूर्ण देशासाठी निकाल मिळवला.

तो आमचा मित्र आज इथे बसलाय. त्याने नाव घेऊ नका म्हटलंय. त्याच्या बापाच्या दीड एकराचा पट्टा मागच्या साली मिळाला, पंधरा वर्षं लढून. यंदा पावसात नांगर कोण धरणार, हे त्याच्या घरात अजून ठरलं नाही. पाड्याने ते ठरवायला पाहिजे, आणि आजच. आम्ही सात जण मृग लागला की कामं सोडून येतो, पहिली नांगरणी त्याच्या शेतात करतो. पुढचं तुम्ही बोला.

आणि प्रत्येक पाड्याने दोन माणसं ठरवा, एक बाई आणि एक बाप्या, लिहिता येणारे. त्यांच्याकडे वही राहील. वह्या आम्ही साकीनाक्याहून आणल्यात, इथे ठेवल्यात. जाताना घेऊन जा.

जोहार, जिंदाबाद!